गर्द, गोळ्या, कोडीन सिरप: सोडवण्याचा क्रम चुकू नये म्हणून

ब्राऊन शुगर (गर्द), ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध यांत अडकलेल्या माणसाला सोडवताना बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. आधी भांडण, मग शपथ, मग खोलीत कोंडून चार-सहा दिवस काढणं. त्रास ओसरला की देवदर्शन, आणि मग नातेवाइकांना फोन: सुटला एकदाचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो पुन्हा घेतो, तेही जुन्याच मापाने. शरीराची सवय तोवर मोडलेली असते, आणि काही जण त्याच मापाने जातात.

इच्छाशक्ती कमी पडली, असं मग सगळे म्हणतात. खरं तर उपचारातला सर्वांत छोटा टप्पा पार पडला होता आणि त्यालाच सगळ्यांनी उपचार समजलं होतं. अंगातून नशा उतरवणं हे आठवड्याभराचं काम आहे. त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष कसं जाईल, हे आधी ठरवायचं आणि मग पहिला दिवस धरायचा. पुढचे टप्पे त्या हिशोबाने लावले आहेत. यातले आकडे डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून दिले आहेत. घरी डोस ठरवण्यासाठी ते वापरू नका.

## टप्पा १: काय, किती, कसं आणि शेवटचं कधी

"नशा करतो" एवढ्या माहितीवर डॉक्टर काहीच ठरवू शकत नाहीत. अफू, डोडा (अफूच्या बोंडांची टरफलं), मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन (ब्राऊन शुगर म्हणजे भेसळ केलेलं हेरॉइनच), ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिनची इंजेक्शनं ही सगळी एका कुळातली. यांना ओपिऑइड म्हणतात. दारू, गांजा, एमडी (मेफेड्रोन), झोपेच्या गोळ्या हे वेगळं कूळ आहे आणि त्यांचा उपचारही वेगळा आहे.

घरात दिसणाऱ्या खुणा ओळखता येतात. खालून काळी पडलेली चंदेरी पन्नी, नळीसारखी गुंडाळलेली नोट, एकाच गोळीच्या रिकाम्या स्ट्रिप्स, माळ्यावर साठलेल्या सिरपच्या बाटल्या, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. नशेत असताना डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, माणूस बसल्या जागी डुलक्या घेतो, सतत अंग खाजवतो. बद्धकोष्ठाची तक्रार तर जवळजवळ ठरलेली.

एक कागद घ्या आणि त्याच्याशी बोलून लिहा:

- पदार्थाचं किंवा गोळीचं नाव. स्ट्रिप किंवा बाटली मिळाली तर फोटो काढून ठेवा.
- दिवसाला किती आणि किती वेळा.
- ओढून, गिळून की सुईने.
- शेवटचं कधी घेतलं: वार आणि वेळ.
- सोबत दारू, झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलम, नायट्राझेपाम) असं काही चालू आहे का.
- आधी कधी सोडलं होतं का, किती दिवस टिकलं, तेव्हा काय त्रास झाला.
- आकडी, कावीळ, दमा, फिट्सची गोळी, मानसिक आजाराची औषधं.

पाचवा मुद्दा सर्वांत जास्त लपवला जातो आणि तोच सर्वांत घातक आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या अचानक थांबवल्या तर आकडी येऊ शकते. गर्द बंद करताना "आता सगळंच बंद" असं जाहीर करणारी घरं या खड्ड्यात पडतात.

तपासा: मेडिकलमधून आणलेल्या लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. ओपिएट्सची साधी पट्टी मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन दाखवते. ट्रामाडॉल तिच्यात दिसत नाही. पट्टी कोरी आली म्हणून मुलाला क्लीन चिट देणारे वडील आणि रोज ट्रामाडॉल घेणारा मुलगा एकाच घरात राहू शकतात.

## टप्पा २: औषधाची सवय आणि व्यसन यांतला फरक

कुठलंही ओपिऑइड काही आठवडे रोज घेतलं की शरीराला त्याची सवय होते. तोच परिणाम मिळायला जास्त डोस लागतो आणि बंद केलं की त्रास होतो. हे कोणाच्याही बाबतीत घडतं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन घेणाऱ्या आजीलाही. पण आजी ठरलेल्या वेळी ठरलेली गोळी घेतात आणि त्यामुळे चार घास खातात, झोपतात, नातवंडांशी बोलतात. हे व्यसन नाही. "सवय लागेल" या भीतीने त्यांचं औषध लपवणं क्रूरपणा आहे, आणि असं घडताना मी पुष्कळदा ऐकलं आहे.

व्यसन म्हणायचं ते ताबा सुटल्यावर. ठरवलेल्यापेक्षा जास्त घेतलं जातं, कमी करायचे प्रयत्न फसतात, दिवसाचा मोठा भाग मिळवण्यात आणि घेण्यात जातो. नोकरी, पैसा, नाती हातची जाताना दिसत असूनही घेणं थांबत नाही. सोबत तलफ असते, म्हणजे डोक्यात दुसरा विचारच न टिकणं.

कंबरदुखीसाठी डॉक्टरांनीच दिलेलं ट्रामाडॉल वर्षभर चालू राहिलं आणि आता सुटत नाही, असे लोक मधल्या जागेत असतात. त्यांनी लाजून स्वतःच गोळी तोडू नये. ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांना स्पष्ट सांगावं. अशांच्या बाबतीत डोस आठवड्याआठवड्याने उतरवणं पुष्कळदा पुरतं.

## टप्पा ३: बंद करण्याआधी ओपीडी गाठा

लोक नेमकं इथे उलटं करतात. आधी बंद करतात आणि त्रास असह्य झाला की रात्री अडीच वाजता रिक्षा शोधतात.

जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग असतो, तिथे पहिला केसपेपर काढा. जवळचं केंद्र माहीत नसेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर विचारा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीत बोलता येतं. सुईने घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली ओएसटी केंद्रं (गर्दऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देणारी) चालतात, तिथे औषध मोफत मिळतं.

बोलायची वेळ निवडा. तो नशेत असताना काही उपयोग नाही. अंग मोडून आलेलं असताना तो कशालाही हो म्हणेल आणि दोन तासांनी विसरेल. घेतल्यानंतर काही तासांनी, शुद्ध असताना, घरातल्या एकाच माणसाने बोलावं. मामा, काका, शेजारी यांची बैठक बसवली की तो फक्त बचाव करतो. "सोड" म्हणण्यापेक्षा "मंगळवारी ओपीडीला जाऊ, मी सोबत येतो" असं म्हणा. ठरलेला वार आणि सोबतीला माणूस असला की नकार कमी येतात.

पोलिसांची भीती खरी असते, म्हणून हे माहीत असू द्या: अमली पदार्थविरोधी कायदा (१९८५) मधलं कलम ६४ अ हे स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. शिवाय उपचारासाठी आलेल्या रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा त्याचा हक्क मानसिक आरोग्य कायद्याने, २०१७ मध्ये, मान्य केला आहे.

पहिल्या भेटीत या तपासण्या मागा: यकृताचं काम, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. सुई कधी एकदाच टोचली असेल तरीही. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात त्याचे उपचार मोफत आहेत, त्यामुळे रिपोर्टला घाबरून तपासणी टाळण्यात काही अर्थ नाही.

सावधान: बाई गरोदर असेल तर काहीही अचानक बंद करू नका. विथड्रॉवलचा, म्हणजे नशा बंद केल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचा, ताण गर्भाला झेपत नाही, गर्भपात किंवा वेळेआधी प्रसूतीचा धोका असतो. अशा वेळी देखरेखीखाली पर्यायी औषध चालू ठेवणं हाच मान्य उपचार आहे. बाळाला जन्मानंतर काही दिवस त्रास होऊ शकतो, त्यावरही उपचार आहेत. प्रसूतीच्या डॉक्टरांपासून हे लपवू नका.

## टप्पा ४: विथड्रॉवल, घड्याळ लावून

गर्द घेणारे याला टर्की म्हणतात. गर्दमध्ये शेवटच्या वेळेनंतर साधारण ६ ते १२ तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं आणि आठवड्याभरात ओसरतं. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांत सुरुवात थोडी उशिरा होते. मेथाडोनमध्ये (उपचारातही वापरलं जाणारं ओपिऑइड, टप्पा ५ पाहा) त्याहून उशिरा, पण त्रास दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

पहिल्या रात्री सर्दी झाल्यासारखं दिसतं. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, घाम. मग अंगावर काटा येतो आणि तो जात नाही. दंडावर बोट फिरवलं तर हाताला खरखर लागते. बाहुल्या मोठ्या होतात. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. पायांत अशी ओढ लागते की माणूस गादीवर सतत पाय घासत राहतो, उठतो, फरशीवर झोपतो, पुन्हा उठतो. झोप नाही. कंबर मोडल्यासारखी दुखते. आणि हे सगळं पाच मिनिटांत थांबवणारी पुडी कुठे मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. "थोडं सहन कर" हे वाक्य त्या रात्री किती पोकळ वाटत असेल, याचा विचार करा.

ट्रामाडॉलची एक वेगळी बाजू आहे. ते ओपिऑइड असण्यासोबतच मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं. म्हणून काहींना बंद केल्यावर प्रचंड घबराट, हातापायांत झिणझिण्या, क्वचित भासही होतात. जास्त डोसमध्ये घेत असताना आकडी येण्याचा धोका असतो, तो वेगळाच. भारतात २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. तरीही "साधी पेनकिलर" हा समज गेलेला नाही.

विथड्रॉवलने माणूस मरत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आणि क्षार संपले आणि कोणी लक्ष दिलं नाही तर मृत्यू होऊ शकतो. बंद खोल्यांमध्ये असे मृत्यू झाले आहेत. म्हणून ओआरएस पहिल्या तासापासून, घोट घोट.

त्रासासाठी डॉक्टर क्लोनिडीन, उलटीची, जुलाबाची, अंगदुखीची गोळी देतात. क्लोनिडीनने रक्तदाब उतरतो, उभं राहताना चक्कर येते, म्हणून प्रत्येक डोसआधी रक्तदाब मोजायचा. जुलाबाची लोपेरामाइड मनाने वाढवू नका, जास्त डोसमध्ये ती हृदयाची लय बिघडवते.

लगेच रुग्णालयात न्या: सहा-आठ तास लघवी नाही, पाण्याचा घोटही टिकत नाही, आकडी, बरळणं, छातीत दुखणं, किंवा जीव देण्याची भाषा. आकडी आणि बरळणं ही गर्दच्या विथड्रॉवलची नेहमीची लक्षणं नाहीत. ती दिसली तर दारू, झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल यांचा संशय घ्या आणि डॉक्टरांना तसं सांगा.

## टप्पा ५: पुढची वाट आधीच निवडा

ही निवड त्रास ओसरल्यावर करायची गोष्ट आहे, असं बहुतेकांना वाटतं. तोवर उशीर झालेला असतो. पहिल्याच ओपीडीत विचारा: "पुढचं वर्ष कोणत्या औषधावर?"

ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी, बहुधा नॅलोक्सोनसोबत (ओपिऑइडचं उतारा-औषध) ४ ला १ प्रमाणात. तलफ आणि त्रास दोन्ही थांबवते, पण नशेची लाट येऊ देत नाही. ठरावीक मर्यादेनंतर तिचा परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास थांबण्याचा धोका हेरॉइनपेक्षा बराच कमी. ती चालू असताना गर्द घेतलं तरी फारसं चढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

मेथाडोन. रोज केंद्रात जाऊन प्यायचं द्रव औषध. परिणामकारक आहे, पण भारतात मोजक्याच केंद्रांत मिळतं. हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी लागतो.

नॅल्ट्रेक्सोन. हे वेगळ्या जातीचं. ते मेंदूतल्या जागा नुसत्या अडवतं, स्वतः काहीच देत नाही. रोज ५० मिलिग्रॅमची गोळी. सुरू करण्याआधी ७ ते १० दिवस अंगात कुठलंही ओपिऑइड नको, मेथाडोन असेल तर त्याहून जास्त. घरचा माणूस रोज समोर गोळी देतो, नोकरी टिकवायची तीव्र इच्छा आहे, अशा रुग्णांना ते लागू पडतं. बाकीचे गोळी चुकवतात आणि आठवड्यात परत जातात.

माझं मत स्पष्ट सांगते. वर्षानुवर्षं गर्द किंवा सुई घेणाऱ्यासाठी पहिला प्रश्न ब्युप्रेनॉर्फिनचा असावा. "एक व्यसन सोडून दुसरं लावलं" हा आक्षेप घराघरांत ऐकू येतो आणि त्यापायी चालू असलेलं औषध बंद केलं जातं. ज्याला सकाळी गोळी घेऊन कामावर जाता येतं, संध्याकाळी पगार घरी देता येतो, पुडीसाठी चोरी करावी लागत नाही, त्याच्या आयुष्यात आता ताबा सुटलेला नाही. शरीराला गोळीची सवय असेल, ती टप्पा २ मधल्या आजींनाही होती. औषधावर टिकून राहणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण नुसतं अंग साफ करून घरी गेलेल्यांपेक्षा खूप कमी असतं. एवढ्यावर हा वाद मिटायला हवा.

सावधान: भिंतींवरच्या "रुग्णाच्या नकळत व्यसन सोडवा" जाहिरातींच्या नादी लागू नका. जेवणात चोरून नॅल्ट्रेक्सोन घातलं आणि अंगात गर्द असलं तर काही मिनिटांत इतकं भयंकर विथड्रॉवल उसळतं की माणूस थेट अतिदक्षता विभागात जाऊ शकतो. भूल देऊन "एका दिवसात नशामुक्ती" हाही प्रकार टाळा. त्यात मृत्यू झाले आहेत आणि पुढे टिकण्याच्या दृष्टीने फायदा काहीच नाही.

## टप्पा ६: ब्युप्रेनॉर्फिनचा पहिला डोस

बिघडण्याची सर्वाधिक शक्यता इथे आहे, आणि कारण एकच: घाई.

ब्युप्रेनॉर्फिनची पकड हेरॉइनपेक्षा घट्ट असते, ताकद मात्र कमी. अंगात हेरॉइन असताना ती दिली तर गर्दीच्या लोकलमध्ये बसलेल्याला उठवून स्वतः सीट बळकवावी तसं ती करते, आणि माणूस एकदम खोल विथड्रॉवलमध्ये फेकला जातो. अशा रुग्णाला वाटतं गोळीनेच त्रास झाला, आणि तो पुन्हा कधी ओपीडीकडे फिरकत नाही.

क्रम असा:

१. गर्द किंवा कमी वेळ टिकणाऱ्या गोळ्यांनंतर किमान १२ तास थांबायचं. मेथाडोन घेत असेल तर दोन-तीन दिवस, डॉक्टर सांगतील तसे.

२. घड्याळ पुरेसं नाही, लक्षणंही दिसायला हवीत. डॉक्टर काउज नावाची ११ लक्षणांची मोजपट्टी वापरतात: नाडी, घाम, अस्वस्थता, बाहुल्या, हाडं-सांधे, नाकडोळे, पोट, कापरं, जांभया, चिडचिड, अंगावरचा काटा. गुण साधारण ८ ते १२च्या पुढे गेले की गोळी द्यायची.

३. पहिला डोस छोटा, बहुधा २ ते ४ मिलिग्रॅम, आणि केंद्रातच. तासा-दोन तासांनी पाहून पुढचा.

४. तोंड पाण्याने ओलं करून गोळी जिभेखाली. पाच ते दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी-चहा-तंबाखू काही नाही. गिळलेली गोळी जवळजवळ वाया जाते.

५. पूर्ण विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची, दात मात्र तासाभराने घासायचे. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचे दात खराब झाल्याचं आढळलं आहे.

केंद्रात सिस्टर दहा मिनिटं समोर बसवून ठेवतात आणि शेवटी जीभ उचलायला सांगतात. काही नातेवाइकांना हा अपमान वाटतो. तो नाही. गोळी गालात लपवून बाहेर विकली गेली तर त्या केंद्राचं औषधच बंद व्हायची वेळ येते.

तपासा: पहिल्या गोळीनंतर तासाभरात त्रास कमी व्हायला हवा. उलट अचानक वाढला तर शेवटची वेळ खोटी सांगितली होती किंवा घाई झाली. पळून जाऊ नका, तिथेच थांबा. डॉक्टरांना यातून बाहेर काढता येतं.

सावधान: ब्युप्रेनॉर्फिनवर दारू किंवा अल्प्राझोलम घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. गोळ्या घरी मिळत असतील तर कुलपात ठेवा. लहान मुलाला एक गोळीही घातक ठरते.

## टप्पा ७: भरती करायची असेल तर केंद्र पाहून घ्या

सगळ्यांना भरती लागत नाही. घरी आधार असेल आणि ओपीडी जवळ असेल तर पुष्कळ जण बाहेरूनच उपचार घेतात. दारू-गोळ्या सोबत असतील, मानसिक आजार असेल, घरातच दुसरा कोणी घेत असेल किंवा आधीचे प्रयत्न फसले असतील तर भरती योग्य.

पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन हे विचारा:

- मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र भिंतीवर असायला हवं.
- मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री नर्स असते का?
- ब्युप्रेनॉर्फिन किंवा नॅल्ट्रेक्सोन देता का, की "आम्ही औषध वापरत नाही"?
- घरच्यांशी भेट आणि फोन केव्हा?
- डिस्चार्जनंतर फॉलोअप कुठे, कोण करतं?

भेट अजिबात नाही, मारून सरळ करतो, गाडी पाठवून उचलून आणतो, असं कोणी सांगितलं तर तिथून निघा. रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर मनोविकारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि तेही ठरावीक परिस्थितीतच. औषध मुळीच न देणाऱ्या केंद्रात तीन महिने ठेवून परत आणलेला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. का, ते पुढे.

## टप्पा ८: घरी परतल्यानंतरचे आठवडे

केंद्रातून, तुरुंगातून किंवा गावाकडून काही आठवडे न घेता परतलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी रोज चार पुड्या पचवणाऱ्याला आता एक पुडीही जड जाते. मनाला मात्र जुनंच माप आठवतं. नॅल्ट्रेक्सोन मध्येच सोडलेल्यांनाही हेच लागू आहे. घरात पेढे वाटले जातात तेव्हा हे कोणीच सांगत नाही. हे त्यालाही सांगा, सरळ शब्दांत. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून.

ओव्हरडोस असा दिसतो: हाक मारून, चिमटा काढूनही जाग नाही, श्वास अगदी सावकाश किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या.

१. १०८ ला फोन. "नशेचं औषध जास्त झालंय, श्वास मंद आहे" असं स्पष्ट सांगा.

२. श्वास नसेल तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदांना एक. नाडीही नसेल तर छातीवर दाब सुरू करा.

३. श्वास असेल तर कुशीवर वळवा, उलटी झाली तर घशात जाऊ नये.

४. नॅलोक्सोन हे उतारा-औषध आहे, ते रुग्णालयात असतं. काही ठिकाणी उपचार केंद्रंही देतात, तुमच्या केंद्राला विचारून ठेवा. त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात उतरतो, म्हणून माणूस उठून बसला तरी लगेच घरी न्यायचं नाही.

मिठाचं पाणी, लिंबू, थंड पाण्याची बादली, उलटी काढणं, फिरवत ठेवणं यांपैकी काहीही करू नका. "झोपू दे, उतरेल" म्हणून एकट्याला सोडून जाऊ नका. ओव्हरडोसमध्ये बरेच जण झोपेतच, शेजारच्या खोलीत माणसं असताना गेले आहेत.

ओव्हरडोस टळला तरी हे आठवडे कठीणच. झोप नीट लागायला महिना-दोन महिने जातात. कशात रस वाटत नाही, चिडचिड होते. बाहेरून आळस दिसतो, पण मेंदू अजून सावरत असतो. लगेच लग्न, मोठं कर्ज, नवं दुकान यांचे घाट घालू नका. ज्या मित्रांसोबत घेत होता ते नंबर, ती गल्ली, हातात एकदम येणारी मोठी रक्कम, ही तलफ उठवणारी ठिकाणं त्याच्यासोबत बसून ओळखा. पगाराचा दिवस सर्वांत अवघड असतो, त्या दिवशी कोणीतरी सोबत असावं. समुपदेशन आणि नार्कोटिक्स अॅनॉनिमस या नशा सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा औषधासोबत चालतात. दोन्हीत भांडण लावायची गरज नाही. घरच्यांनी स्वतःसाठीही नार-अॅनॉन या कुटुंबीयांच्या गटाची सभा शोधावी.

अपघात किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना चालू औषध आधी सांगायचं. नॅल्ट्रेक्सोनवर असलेल्याला नेहमीची ओपिऑइड वेदनाशामकं लागू पडत नाहीत. पाकिटात औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

## टप्पा ९: पुन्हा घेतलं तर

घेतलं तर त्याच दिवशी ओपीडी. आठवडाभर भांडून मग नव्हे. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना एकदा घेतलं म्हणून ती बंद करायची नसते. बहुधा डोस अपुरा असतो किंवा गोळी चुकलेली असते. काही दिवस सलग गोळी सुटली असेल आणि त्या काळात गर्द घेतलं असेल, तर घरात उरलेली गोळी लगेच देऊ नका. टप्पा ६ मधला थांबण्याचा नियम पुन्हा लागू होतो.

विचारायचं ते असं: किती घेतलं, केव्हा, सोबत दारू किंवा गोळी होती का. "का घेतलंस" हा प्रश्न समुपदेशकाच्या खोलीत विचारता येतो. एकटं घेण्याची शक्यता वाटत असेल तर खोलीला आतून कडी लावायची नाही, एवढं तरी त्याच्याशी ठरवा. सुई वापरत असेल तर ओएसटी केंद्रातून किंवा जवळच्या सुई-बदल कार्यक्रमातून नवी सुई घेणं, दुसऱ्याची न वापरणं, हेही बोलून ठेवा. हे बोलणं म्हणजे परवानगी नाही. उद्या तो उपचाराला यायला जिवंत आणि निरोगी असावा, यासाठी ते आहे.

## टप्पा १०: औषध कधी उतरवायचं

"किती दिवस घ्यायचं?" हा प्रश्न तिसऱ्याच आठवड्यात येतो. किमान वर्षभर तरी त्याचा विचार नको. पुष्कळांना त्याहून जास्त लागतं, काहींना अनेक वर्षं, आणि कुठलीही कमाल मुदत ठरलेली नाही. उतरवण्याचा विचार करताना पाहायचं ते हे: कित्येक महिने बाहेरचं काही घेतलेलं नाही, झोप आणि काम स्थिर आहे, राहायची जागा सुरक्षित आहे, आणि उतरवायची इच्छा त्याची स्वतःची आहे. सासऱ्यांना पटत नाही किंवा लग्न ठरतंय ही कारणं चालत नाहीत.

उतरवताना छोट्या पायऱ्या, दोन पायऱ्यांमध्ये काही आठवडे. शेवटच्या काही मिलिग्रॅमना सर्वांत जास्त वेळ लागतो, तिथे घाई केली की तलफ उसळते. तसं झालं तर आधीच्या डोसवर परत जायचं आणि तिथे काही महिने राहायचं. पूर्ण बंद झाल्यावरही ओपीडीची पुढची तारीख घेऊनच निघा, आणि सहनशक्ती पुन्हा उतरलेली आहे, हे त्याला आणि घरच्यांना दोघांनाही त्याच भेटीत सांगायला लावा.